बुर्ग एल्ट्झ: घरच्यांनी राखला म्हणून टिकला, की वशिल्याने?

मोझेलकाठी: जर्मनीतला बुर्ग एल्ट्झ हा किल्ला बघून आले. पहिला उल्लेख 1157 चा आणि मालक आजही तेच एल्ट्झ घराणं, 30 च्या वर पिढ्या झाल्या. आत फोटो काढू देत नाहीत, गाईडशिवाय खोल्या बघता येत नाहीत, घराण्याच्या केंपेनिख शाखेचा भाग तर पब्लिकला बंदच, त्यावरून आमच्या ग्रुपमध्ये जाम कुरकुर. मला त्यांचं पटतं. घर त्यांचं, नियम त्यांचे. झोपायच्या खोलीत पंधराव्या शतकातली वेलबुट्टी अजून भिंतीवर आहे, शेजारी भिंतीतून बाहेर काढलेला संडास, सरकारी ताब्यात असतं तर फक्त पाट्या आणि रिकाम्या खोल्या उरल्या असत्या.

हट्टी_कोल्हापुरी: घर त्यांचं तर 2009 ते 2012 च्या दुरुस्तीला सरकारी पैसा कशाला लागला? लोकांचे पैसे चालतात, लोकांचा मोबाईल चालत नाही! आणि जुन्या 500 मार्कच्या नोटेवर याचंच चित्र होतं. नोटेवर छापताना देशाचा, दारात गेलं की खाजगी, वा रे वा.

जुनीवीट: मोबाईलचं सोडा हो, त्या अरुंद जिन्यात प्रत्येकजण सेल्फीला थांबला तर 40 मिनिटांची टूर दोन तास चालेल. पण "घराण्याने राखला" हेही अर्धंच खरं. 1689 मध्ये फ्रेंच सैन्याने त्या पट्ट्यातले किल्ले उडवले, जवळच्या कोखेमचाही तेव्हाच निकाल लागला. एल्ट्झ वाचला कारण घरातला योहान आंतोन फ्रेंच सैन्यात अधिकारी होता, त्याने उडवायच्या किल्ल्यांच्या यादीतून याचं नाव काढून घेतलं. याला जतन म्हणायचं की वशिला?

मोझेलकाठी: वशिला तर वशिला, पण तो लावायला आपलं म्हणणारं कोणीतरी लागतंच ना! कोखेम बघा, जवळपास पावणेदोनशे वर्षं पडीक होता, मग 1868 नंतर राव्हेने नावाच्या बर्लिनच्या व्यापाऱ्याने हौसेने उभा केला, आता गावाच्या मालकीचा आहे. बाहेरून झकास, पण आतली बरीचशी सजावट त्या शेठजींच्या आवडीची.

हट्टी_कोल्हापुरी: मग मार्क्सबुर्गचं काय? ऱ्हाईनकाठी डोंगरावर, तोही कधी उद्ध्वस्त झाला नाही आणि 1900 पासून किल्ले जपणाऱ्या एका संस्थेकडे आहे. किल्ला सांभाळायला काउंटच (म्हणजे सरदार घराणंच) पाहिजे असं कुठे आहे?

चकलीताई: तुम्ही दोघं मालकीवर भांडताय पण मुळात मालक एक नव्हताच. 1268 मध्ये भावांच्या वाटण्या झाल्या, मग एकाच चौकाभोवती तीन शाखांची तीन घरं उंचच उंच वाढत गेली, म्हणजे भाऊबंदकी कायद्यात बसवून शेकडो वर्षं चालवली. सगळा वाडा एकाच मालकाकडे आला तो थेट 1815 ला. सभेच्या दालनात विदूषकांचे मुखवटे आहेत, म्हणजे इथे मोकळं बोला, आणि दारावर गुलाब, म्हणजे बोललेलं बाहेर न्यायचं नाही. फोटोबंदीची परंपरा जुनीच दिसते 😄

आणि "कधीच हरला नाही" असं कोणी सांगितलं तर मान डोलावू नका. 1331 ला ट्रियरच्या आर्चबिशप बाल्डविनने वेढा घातला, समोरच्या टेकडीवर त्रुट्झएल्ट्झ नावाचा छोटा किल्ला बांधून दगडगोळे टाकले, शेवटी एल्ट्झवाल्यांनी शरणागती पत्करली, बाहेरची तटबंदी पाडली, मांडलिकी मान्य केली. वाडा उभा राहिला, स्वातंत्र्य गेलं. त्या त्रुट्झएल्ट्झचे अवशेष अजून आहेत, लोक समोरच्या वाड्याचे फोटो काढण्याच्या नादात तिकडे बघतही नाहीत.

जुनीवीट: +1. जाणाऱ्यांनी गाडीपेक्षा मोझेलकेर्न स्टेशनवरून झऱ्याच्या कडेने चालत जा. झाडीत काहीच दिसत नाही आणि वळणावर एकदम आठ बुरूज समोर येतात. हिवाळ्यात बंद असतो, तारखा बघूनच तिकिटं काढा.

हट्टी_कोल्हापुरी: बघा, हिवाळ्यात बंद! सरकारी पैसा घेतला तर निदान केंपेनिखची एखादी खोली तरी दाखवा म्हणावं.

मोझेलकाठी: अनुदान दुरुस्तीला दिलं होतं, दिवाणखाना बघायला नाही.