अनुभव धागा: बी. फार्म.चे (फार्मसीच्या डिग्रीचे) दिवस (खल, जर्नल आणि केट्या)

निर्गुडी
काल पुरणात घालायला वेलदोडे-जायफळ कुटत होते. घरात लोखंडी खलबत्ता आहे, पण मला कॉलेजात घेतलेला चिनी मातीचा पांढरा खलच लागतो. मध्येच सासूबाई म्हणाल्या, "अगं, घोटत काय बसलीस, कूट की." बघते तर हात एकाच दिशेने गरागरा फिरतोय आणि कान ‘चट् चट्’ आवाजाची वाट बघतायत. वीस वर्षं झाली पास होऊन!

इमल्शन (तेल-पाण्याचं एकजीव मिश्रण) केलेल्यांना कळलं असेल. बाकीच्यांसाठी: चार भाग तेल, दोन भाग पाणी, एक भाग डिंकाची पूड. तेलात डिंक घोटायचा, पाणी एकदम ओतायचं आणि हात न थांबवता, दिशा न बदलता घोटत राहायचं. जमलं तर मिश्रण पांढरंफेक होतं आणि बत्त्याखाली चट् चट् वाजतं. अट एकच, खल ठणठणीत कोरडा हवा.

पहिल्या वर्षाच्या प्रॅक्टिकल परीक्षेत मी खल धुतला आणि घाईत पुसायचा राहिला. एरंडेलाचं इमल्शन फुटलं, वर तेलाचे डोळे. एक्स्टर्नल (बाहेरून आलेले परीक्षक) दुसऱ्या टोकाला तोंडी परीक्षा घेत होते. शेजारच्या टेबलावरच्या मुलाने (वर्षभरात चार शब्द बोललो नसू) माझ्याकडे न बघता स्वतःचा कोरडा खल माझ्या बाजूला सरकवला. पंचवीस मिनिटं उरली होती. आवाज आला. मी पास.

आता फार्माकोव्हिजिलन्समध्ये (औषधांच्या दुष्परिणामांवर लक्ष ठेवायचं काम) आहे, दिवसभर स्क्रीन. हाताला काही म्हणजे काही लागत नाही. लिहा तुमचेही.

चौथा_बाक
तो मी नव्हे. माझाही ओला होता.

विदर्भवाली
सपोझिटरी (गुदद्वारातून द्यायच्या औषधी वड्या) कोणी केल्या का एप्रिलमध्ये? आमच्याकडे बाहेर ४४ डिग्री. कोको बटर हळूहळू वितळवायचं असतं, वितळायला लागलं की गॅसवरून उतरवायचं. जास्त तापलं तर त्याच्या स्फटिकांची रचनाच बदलते, मग ते खोलीच्या तापमानालाही घट्ट व्हायला तयार नसतं. आमच्या बॅचने चांगलं उकळवलं. मोल्ड अर्धा तास बर्फात, उघडला तर आत रबडी. शेवटी कँटीनच्या काकांना मस्का मारून फ्रिजमध्ये ठेवला, ताकाच्या पातेल्याशेजारी. काकांनी विचारलं "काय आहे हे?" आमचा एक बहाद्दर म्हणाला "चॉकलेट". पुढचं लिहीत नाही, काका अजून आहेत तिथे.

आळशी_मुंगी
हाहाहाहा विदर्भवाली!! ऑफिसात आहे, लोक बघतायत

जुना_फार्मासिस्ट
मी १९७९ ला डिग्री घेतली. आमच्या वेळचं सांगतो, आताच्या मुलांना खोटं वाटेल.

फार्माकॉलॉजीच्या (औषध शरीरात काय करतं त्याच्या) प्रॅक्टिकलला ड्रमवर चकचकीत कागद गुंडाळायचा आणि तो धुरावर फिरवून काळा करायचा. सगळीकडून सारखा काळा झाला पाहिजे, कुठे तपकिरी राहिला तर पुन्हा. मग बेडकाच्या पोटाचा स्नायू काढून रिंगरच्या (क्षारांच्या) द्रावणात टांगायचा, खालून हवेचे बुडबुडे. ॲसिटिलकोलीनचा थेंब पडला की स्नायू आखडायचा आणि त्याला जोडलेल्या तरफेचं टोक काजळीवर पांढरी रेघ ओढायचं. डोस दुप्पट, रेघ उंच. पुन्हा दुप्पट, आणखी उंच. मग एका उंचीला येऊन थांबायची, कितीही घाला. डोस-रिस्पॉन्सची आकृती पुस्तकात होतीच, पण ती रेघ वर जाताना मी डोळ्यांनी पाहिली आहे. नंतर कागद लाखेच्या द्रावणात बुडवून दोरीवर वाळत घालायचा. घरी गेलो की आई आधी नाक शिंकरायला लावायची, काळं निघायचं.

आता नातीच्या कॉलेजात हे कॉम्प्युटरवर करतात. बेडूक वाचले, चांगलं झालं. त्याबद्दल तक्रार नाही.

टायट्रेशनवाला
काका, भारी. स्कॅन करून टाका तो कागद असेल तर.

माझं वेगळंच. मला लाल-हिरव्याचा घोळ आहे, हे मला टायट्रेशनमध्ये (रंग बदलेपर्यंत थेंब थेंब द्रावण सोडायचं) कळलं. फिनॉल्फथॅलीन या रंगदर्शकाचा एंड पॉइंट (थांबायची खूण) म्हणजे अगदी फिक्का गुलाबी, टिकला पाहिजे. मला तो दिसायचाच नाही. पोरं म्हणायची "अरे थांब, राणी कलर झाला!" शेवटी पार्टनर ठरवली. ती स्वतःचं ब्युरेट (द्रावण सोडायची नळी) सांभाळत हळूच "हं" म्हणायची, मी कॉक बंद करायचो. तीन वर्षं त्या "हं"वर काढली. (नाही, लग्न नाही झालं. सगळे हेच विचारतात.) आज क्यूसीमध्येच (औषधांची गुणवत्ता तपासणी) आहे, पोटेन्शिओमीटर आकडा दाखवतो, कोणाच्या "हं"ची गरज नाही.

आळशी_मुंगी
मी विचारणारच होते :-)

सुगरण_शैला
मी फार्मसीवाली नाही, पण इथे सगळे जाणकार दिसतायत म्हणून विचारते. सासऱ्यांची शुगरची गोळी मोठी आहे, गिळता येत नाही. चुरून दिली तर चालेल का? आणि निर्गुडी, एक किलो डाळीला जायफळ किती घालतेस?

टायट्रेशनवाला
ताई, थांबा, चुरू नका. आधी पाकिटावर नावापुढे एसआर, ईआर, एक्सआर असं काही आहे का बघा. असेल तर ती गोळी औषध तासन्‌तास थोडं थोडं सोडायला बनवलेली असते. चुरली की सगळा डोस एकदम पोटात. डॉक्टरांना सांगा गिळता येत नाही म्हणून, दुसरा प्रकार मिळू शकतो.

सुगरण_शैला
अगं बाई. एसआर आहे खरं. गेल्या आठवड्यात दोनदा दिली चुरून. आज दाखवून आणते. दुकानदार काही बोलला नाही हो.

विदर्भवाली
आणि काही एसआर गोळ्यांचं टरफल शौचात अख्खं दिसतं, ते बघून घाबरू नका. आतलं औषध गेलेलं असतं. माझ्या बाबांनी दोन दिवस रिकामी टरफलं मोजली आणि मग मला फोन केला, "चार वर्षं शिकवलं तुला, सांगितलं का नाहीस?"

तालुक्याचा_पोरगा
"दुकानदार काही बोलला नाही" यावर लिहितो. कधी लिहिलं नव्हतं.

२०११ ला पास झालो. नोकरी मिळेना. तालुक्याच्या एका मेडिकलवाल्याने निरोप धाडला, सर्टिफिकेट भिंतीला लाव, महिन्याला पैसे घे, यायची गरज नाही. फार्मसी ॲक्ट १९४८ चा, आम्ही तो पाठ करून दहा मार्कांना लिहिला होता. औषध नोंदणीकृत फार्मासिस्टनेच द्यायचं. वडील म्हणाले बसून मिळतंय तर घे. घेतलं. आठ महिने. एकदा त्याच दुकानात आईचं औषध आणायला गेलो तर काउंटरवर दहावीतला पोरगा, आणि त्याच्या डोक्यावर फ्रेममध्ये माझं नाव. त्याने मला ओळखलं नाही. चिठ्ठीवरची "एचएस" ही अक्षरं त्याला कळली नाहीत, म्हणाला सकाळी घ्या. मी त्याला सांगितलं, झोपताना. पुढच्या महिन्यात सर्टिफिकेट काढून आणलं.

निर्गुडी
लिहिलंत ते बरं केलंत.

जुना_फार्मासिस्ट
+१. अशी भिंत मीही पाहिली आहे.

गोड_लाकूड
जरा हलकं करते. फार्माकॉग्नॉसीच्या (औषधी वनस्पती ओळखायच्या) लॅबमध्ये ज्येष्ठमधाची बरणी होती, सर म्हणायचे चव बघून ओळखा. आम्ही वर्षभर ओळखत राहिलो. स्पॉटिंगच्या (नमुने ओळखायच्या परीक्षेच्या) दिवशी बरणीत भुसा. सर शांतपणे म्हणाले, "उरलेला नमुना तुमच्या पोटात आहे, तिथून ओळखा."

आणि बटाट्यात खोड धरून ब्लेडने काप घेणं!! चाळीस कापांतला एक पातळ यायचा, तोही ब्रशवरून उडायचा. पण कुचल्याच्या बीवरचे केस फ्लोरोग्लुसिनॉल (रंग आणणारं रसायन) आणि ॲसिडमध्ये गुलाबी-लाल झालेले पहिल्यांदा दिसले तेव्हा मी सूक्ष्मदर्शक सोडेना. मागे रांग.

सेम_टू
मी आत्ता शिकतेय, दुसरं सेमिस्टर. तुम्ही सगळे लकी. गणित नको म्हणून बायो घेतलं, तर इथे बायोवाल्यांना रेमेडियल मॅथ्स. मॅथ्सवाल्यांना रेमेडियल बायो. कोणीच सुटत नाही. आत्या सगळ्यांना सांगते भाची शेतीचं शिकतेय, फार्म म्हणून. आजोबा खूश आहेत, दोन एकर आहे म्हणतात.

उद्या जर्नल सबमिशन. सात प्रयोग बाकी. बाय

रात्रपाळी_टोरांटो
इथे पहाटेचे चार, एक गिऱ्हाईक गेलं म्हणून वाचतोय. सेम टू, पुढे बाहेर जायचं डोक्यात असेल तर आत्ताच बघून ठेव. अमेरिकेत २००३ पासून पुढे पास झालेल्यांना पाच वर्षांची फार्मसीची डिग्री लागते, आपली चारची बसत नाही. मला हे फायनल इयरला कळलं. म्हणून कॅनडा. इथे परत सगळ्या परीक्षा, शेवटची तर खोट्या पेशंटशी बोलायची. मला औषध सगळं येत होतं, बोलता येत नव्हतं. आपल्याकडे चार वर्षांत पेशंटशी कधी बोलायला लावलंच नाही. आरशासमोर उभं राहून "ही गोळी जेवणानंतर घ्या" म्हणायचो.

लोक रांगेत आहेत, नंतर.

चौथा_बाक
जीपॅट (एम. फार्म.ची प्रवेश परीक्षा) देऊन एम. फार्म. केलेले कोणी आहेत का? स्कॉलरशिपचे महिन्याचे १२,४०० कधी वेळेवर आले होते का कोणाचे? माझे एकदा पाच महिन्यांचे एकदम आले, त्याच दिवशी मेसवाल्याला कळलं. कसं ते अजून माहीत नाही.

आळशी_मुंगी
मेसवाल्यांचं नेटवर्क. वेगळा धागा काढा.

सुगरण_शैला
डॉक्टरांकडे जाऊन आले. साधी गोळी दिली, दिवसातून दोनदा, ही अर्धी करून चालते म्हणाले. टायट्रेशनवाला, आभार हो दादा. निर्गुडी, जायफळाचं राहिलंच.

निर्गुडी
एक किलोला अर्धं जायफळ, फार तर. कुटू नका, सहाणेवर उगाळा. आणि वाटी कोरडी घ्या.