मदत हवी आहे: आईसाठी मेडिक्लेम घ्यावा की पालिकेच्या हॉस्पिटलवरच भिस्त ठेवावी?

नमस्कार मंडळी. आम्ही लालबागला राहतो, मुंबई पालिकेचं केईएम हॉस्पिटल चालत दहा मिनिटांवर. बाबा ७२ वर्षांचे, त्यांचं सत्तरीपुढच्यांसाठीचं सरकारी आयुष्मान वय वंदना कार्ड काढलंय, ५ लाखांचं कवच आहे. प्रश्न आईचा. ती ६४ वर्षांची, दहा वर्षांपासून डायबेटीस. सत्तरी गाठेपर्यंत तिला ते कार्ड मिळणार नाही. राज्य सरकारची महात्मा फुले आरोग्य योजना आहे, पण ती ठरावीक आजारांना आणि योजनेतल्या हॉस्पिटलांनाच लागू.

एजंट वर्षाला ४२ हजारांचा हप्ता सांगतोय. हप्त्यावरचा जीएसटी गेला म्हणून हा आकडा, म्हणे! त्यात आधीच्या आजारांना ३ वर्षं थांबायचं, शिवाय रूमभाड्याला मर्यादा. महागडी खोली घेतली की नुसतं भाडंच नाही, बाकीच्या बिलाचाही बराच भाग त्या प्रमाणात कापतात, हे काकांच्या वेळी कळलं.

दुसरीकडे, पालिकेच्या एका हॉस्पिटलात आत्याला दोन रात्री जमिनीवर गादी टाकून काढाव्या लागल्या. डॉक्टर मात्र देवमाणूस.

हेच ४२ हजार दरवर्षी एफडीत टाकले तर? की कोपे (म्हणजे प्रत्येक क्लेममधला ठरावीक हिस्सा आपण भरायचा) असलेली स्वस्त पॉलिसी बरी? डायबेटीस असलेल्या आईवडिलांचा क्लेम प्रत्यक्ष पास झालेल्यांनी कृपया अनुभव सांगा. एजंट मंडळींनी इनबॉक्समध्ये येऊ नये, प्लीज.