जनमताचा 'कौल' की 'चाचणी'?

विचारणा : अमेरिकेतल्या बंदूक-कायद्यांवरचा एक लेख मराठीत आणतोय. 'ओपिनियन पोल'ला कुणी 'जनमत चाचणी' म्हणतं, कुणी 'जनमत कौल'. दोन्ही चालतील? आणि 'गन कंट्रोल'ला 'बंदूकबंदी'?

प्रतिसाद : 'कौल' नकोच. आमच्या सिंधुदुर्गात गुरव गाऱ्हाणं घालतो, देवाला पाकळ्या लावतो; उजवी पडली की विषय संपला. 'तीन टक्के इकडेतिकडे' असं देवाला कोणी म्हणत नाही. हजारेक माणसांना विचारून काढलेल्या आकड्याला मात्र ते जोडावंच लागतं.

तुमच्या लेखात तर हा फरक फारच नडेल. बंदूक घेणाऱ्याच्या पार्श्वभूमीची आधी तपासणी व्हावी का, असं विचारलं की अमेरिकेत चाचण्यांमध्ये ऐंशी-नव्वद टक्के लोक हो म्हणतात. मेन राज्यात नोव्हेंबर २०१६ मध्ये खासगी विक्रीला ही तपासणी लावायचा प्रस्ताव मतपत्रिकेवर आला आणि साधारण ५२ विरुद्ध ४८ असा पडला. नेवाडात त्याच दिवशी तसाच प्रस्ताव जेमतेम तरला. मेनचा तो कौल, आधीची ती चाचणी. चाचणी खोटी होती असंही नाही. फोनवर तत्त्वाला हो म्हणायला काय जातं? मतपत्रिकेपर्यंत पोचताना मध्ये प्रचार येतो, 'मित्राला बंदूक उसनी दिलीत तरी तपासणी' वगैरे. शिवाय मतदानाला जाणारे निराळे.

प्रतिसाद : गोव्यात गंमत उलटी. १६ जानेवारी १९६७ला महाराष्ट्रात विलीन व्हायचं की नाही यावर रीतसर मतदान झालं. फूल म्हणजे विलीनीकरण, दोन पानं म्हणजे वेगळं राहणं. चौतीस हजारांच्या फरकाने दोन पानं जिंकली. त्याला आम्ही आजही 'ओपिनियन पोल'च म्हणतो! तेव्हा गोव्याचा वाचक असेल तर 'जनमत कौल' वाचून त्याला ६७च आठवणार.

प्रतिसाद : 'बंदूकबंदी' लिहिलंत तर आकडेच खोटे पडतील. गॅलप ही अमेरिकेतली जनमत चाचण्या घेणारी संस्था १९९०पासून विचारते : विक्रीचे कायदे कडक करावेत, सैल करावेत की आहेत तसेच ठेवावेत? हा झाला निर्बंधांचा प्रश्न. हँडगनवर, म्हणजे एका हाताने चालवायच्या छोट्या बंदुकीवर, बंदी घालावी का, हा त्यांचाच दुसरा, जुना प्रश्न. त्याला १९५९मध्ये ६० टक्के हो म्हणाले होते, अलीकडे पाव भागाच्या आसपास. कडक कायदे हवेत पण बंदी नको म्हणणारे पुष्कळ आहेत, त्यांना तुम्ही एका शब्दात गायब कराल. आपल्याकडे दारूबंदी, नोटाबंदी ऐकून कान तयार झालेत. 'बंदी' म्हटलं की दुकानाला कुलूपच दिसतं. 'निर्बंध' लिहा. 'नियमन' बरोबर आहे, पण सरकारी परिपत्रकाचा वास येतो.

विचारणारा : 'चाचणी' आणि 'निर्बंध' पक्के. आता 'हँडगन'चं काय करू? 'पिस्तूल' लिहिलं तर रिव्हॉल्वर बाहेर राहतं.

प्रतिसाद : 'पिस्तूल-रिव्हॉल्वर' असं जोडून लिहा. 'हातबंदूक' मात्र करू नका, हात जोडतो.