मदत हवी आहे: रायटरमध्ये मराठी शब्द ओळीच्या शेवटी तुटत नाहीत

सोसायटीच्या स्मरणिकेची मांडणी माझ्या गळ्यात पडली आहे. ए४ पान, दोन रकाने, लिब्रेऑफिस रायटर (वर्डसारखाच लेखनाचा प्रोग्राम). मजकूर जस्टिफाय केला (दोन्ही कडा सरळ केल्या) की 'महानगरपालिकेच्या', 'स्वातंत्र्यसैनिकांसाठी' असले शब्द अख्खेच्या अख्खे खाली उतरतात आणि वरच्या ओळीत उरलेले तीन शब्द एकमेकांशी भांडल्यासारखे लांब लांब उभे!

फॉरमॅट > पॅरेग्राफ > टेक्स्ट फ्लोमध्ये ऑटोमॅटिक हायफनेशनवर खूण आहे. इंग्रजी शब्द व्यवस्थित तुटतात, मराठी ढिम्म.

शिवाय आधीच्या संपादकांनी हाताने हायफन टाकून ठेवलेत. फाँट १२ चा ११ केल्यावर 'महानगर-पालिका' ओळीच्या मधोमध आली. सगळे हायफन एकदम उडवले तर 'आई-वडील'ही 'आईवडील' होतील. काय करू?

खिळेजुळारी:
आधी मजकूर निवडून फॉरमॅट > कॅरेक्टरमध्ये भाषा बघा. देवनागरीची भाषा तिथे कॉम्प्लेक्स टेक्स्टखाली वेगळी ठरवावी लागते, आणि पुष्कळदा तिथे हिंदी असते. मराठी करा. मग टूल्स > ऑप्शन्समध्ये रायटिंग एड्स उघडून मराठीसाठी हायफनेशन आहे का पाहा. शब्द कुठे तोडायचा याचे नियम भाषेगणिक वेगळे बसवावे लागतात. ते नसतील तर नुसत्या खुणेने काही होत नाही.

हातानेच तोडायचे तर साधा हायफन नको. कंट्रोल दाबून हायफन द्या. तो सॉफ्ट हायफन. शब्द ओळीच्या कडेला आला तरच छापला जातो, नाहीतर अदृश्य. वर्डमध्येही हीच कळ. जोडाक्षर मात्र फोडू नका: वि-द्या-र्थी चालेल, 'विद्‌-यार्थी' नको.

जुने हायफन शोधा-बदलामध्ये एकेक थांबून बघा. 'रिप्लेस ऑल'च्या वाटेला जाऊ नका.

पुणेरी_पाटी:
एवढा खटाटोप कशाला? अरुंद रकान्यात मराठी डावीकडून जुळवा, उजवी कड सोडा मोकळी. जस्टिफायचा हट्ट मला कधी कळला नाही.

धागाकर्ता:
भाषा खरंच हिंदी निघाली. मराठी केली, पण रायटिंग एड्समध्ये मराठी हायफनेशन नाही. एक्स्टेंशन शोधतो, तोवर लांब शब्दांना सॉफ्ट हायफन. पुणेरी, अध्यक्षांना दोन्ही कडा सरळच हव्यात, माझा इलाज नाही.
एक राहिलं: '१९७२-७३' मधूनच तुटतंय.

खिळेजुळारी:
कंट्रोल, शिफ्ट आणि हायफन. तिथून ओळ तुटणार नाही.