जुन्या पिकअपच्या हौद्याला चकचकीत ओक की रंगवलेलं पाइन?

हुरॉनकाठी:
1951 ची शेव्हरोले 3100, अर्ध्या टनाची पिकअप. गेल्या वर्षी इथे मिशिगनमध्येच एका वयस्कर शेतकऱ्याकडून घेतली. इंजिनाचं काम उरकलं, आता हौद्याच्या तळाच्या फळ्या बदलायच्या आहेत. ज्याला विचारावं तो म्हणतो, ओक लाव आणि वर वार्निशचे सात-आठ हात दे. मला हे अजिबात पटत नाही.

या गाडीला मुळात पिवळ्या पाइनच्या फळ्या असायच्या आणि दोन फळ्यांच्या सांध्यावर लोखंडी पट्टी. लाकडावर माल पत्र्यासारखा घसरत नाही. खोकं ओढायचं, खोरं मारायचं, तर ते पट्टीवरून सरकतं आणि फळी वाचते. एक फळी मोडली की तेवढीच काढायची. शेव्हरोलेच्या स्टेपसाइड (चाकांवरचे मडगार्ड हौद्याच्या बाहेर असलेल्या) गाड्यांना लाकडी तळ 1987 पर्यंत टिकला, तो काही शोभेसाठी नव्हे. ज्या हौद्यात विटा टाकायला हात कचरतो, तो हौदा कसला?

रविवारी मागचा एक बोल्ट काढत होतो. डोक्याखालचा चौकोन कुजक्या लाकडात नुसता गरगर फिरत राहिला, शेवटी कापावा लागला. फळी उचलली तर फाळक्याकडचं वीतभर टोक चहाच्या चोथ्यासारखं हातात चुरलं. पण त्याच फळीच्या मधल्या भागावर रंध्याचे दोन हात मारले, तर राळेचा वास आला. सत्तर वर्षांनंतर!

जुनंलोखंड:
वास छान असेल, पण टोक चुरलं ना? पाणी फाळक्याशी साचतं आणि पाइन तिथेच जातं. कंपनीने पाइन वापरलं ते स्वस्त आणि मुबलक होतं म्हणून. त्या हिशेबाला आपण का बांधून घ्यायचं?

व्हाइट ओकची छिद्रं निसर्गतः बुजलेली असतात, म्हणून तर दारूची पिंपं त्याची करतात. माझ्या फोर्डला नऊ वर्षांपूर्वी व्हाइट ओक लावलं, एकही फळी हललेली नाही. आणि खरं सांगा, तुम्ही या गाडीतून विटा नेणार आहात का? ती गॅरेजमध्ये राहणार, उन्हाळ्यात चार प्रदर्शनांना जाणार. लोक थांबून लाकडावरून हात फिरवतात, मुलं विचारतात हे काय आहे. ते सुंदर दिसण्यात कमीपणा कुठे आला?

पटाशी:
दोघांनाही एक सांगतो, लाकूडकाम करतो म्हणून. दुकानात नुसतं 'ओक' म्हणून मिळतं ते बहुतेक वेळा रेड ओक. त्याचा छोटा तुकडा घ्या, एक टोक पाण्यात बुडवा, दुसऱ्या टोकाकडून फुंका. बुडबुडे येतात. एवढी उघडी नळी पावसात ठेवायची का?

दुसरं, फुगणं. आडव्या कापाची (झाडाची वलयं फळीच्या रुंदीला समांतर असलेली) सात इंची रेड ओक फळी, तिचा ओलावा 6 टक्क्यांवरून 14 वर गेला की रुंदीत जवळपास 5 मिलिमीटर वाढते. सात-आठ फळ्या धरा, सगळ्या मिळून दीड इंच. फट न ठेवता ठोकल्या तर एकतर पट्टी उचलेल नाहीतर फळी उलेल. उभ्या कापाची (वलयं फळीच्या जाडीत उभी असलेली) व्हाइट ओक साधारण निम्मीच हलते, पण महाग पडते. पिवळं पाइन रेड ओकपेक्षा कमीच हलतं, हे ओकवाल्यांनी लक्षात घ्यावं.

हुरॉनकाठी:
@जुनंलोखंड, हो, विटा नेणार आहे. मागच्या अंगणात पायवाट करायची आहे. त्यासाठीच गाडी घेतली. वार्निशची भीती मला याचसाठी वाटते: पहिला ओरखडा पडला की पाणी आत जातं आणि बाहेर यायला वाट राहत नाही. मग सगळं खरवडा. रंगावर ओरखडा पडला तर ब्रशचा एक हात पुरतो.

कोल्हापूरवाला:
वडिलांच्या ट्रकच्या हौद्यात फळ्यांवर पत्रा ठोकला होता. तसं का नाही करत?

पटाशी:
पत्र्याखाली ओल कोंडते. तुमच्याकडे उन्हाळा कडक, वाळत असेल. मिशिगनमध्ये बर्फ आणि रस्त्यावरचं मीठ, तिथे नको. फळ्यांना श्वास घेऊ द्या.

जुनंलोखंड:
विटा नेणार असाल तर पाइनला माझी हरकत नाही, हे मनापासून. पण रंग फक्त वरून देऊ नका. सहाही बाजूंना द्या, खालून सुद्धा, आणि टोकांना तीनदा, कारण पाणी टोकातूनच पितात फळ्या. बोल्ट स्टेनलेसचे घ्या. मी ओकला आधी साधे लोखंडी वापरले होते, प्रत्येक बोल्टाभोवती काळा डाग उठला. ओकमधलं टॅनिन लोखंडाशी तसंच वागतं. ते सगळे पुन्हा काढले तेव्हा रडू आलं होतं.

आणि प्रदर्शनाच्या गाडीला मात्र मी ओकच लावीन. ते मत बदललेलं नाही.

पटाशी:
रंगाआधी बेलतेलाचा (उकळलेल्या जवस तेलाचा) एक हात देणार असाल तर ते पूर्ण वाळू द्या. तेलाच्या चिंध्या गोळा करून कोपऱ्यात टाकू नका. आपोआप तापून पेटतात. पाण्यात बुडवा किंवा बाहेर एकेक पसरून वाळवा.

हुरॉनकाठी:
सहा बाजू, स्टेनलेस, फटी, सगळं मान्य. ठरलं, पाइनच, काळा रंग. ड्रायव्हरच्या बाजूची कडेची फळी मात्र टोकापर्यंत शाबूत निघाली. ती तशीच परत बसवणार आहे.

जुनंलोखंड:
मग नव्या फळ्या तिच्याच जाडीच्या करून घ्या, नाहीतर पट्ट्या सपाट बसणार नाहीत. पण जाडी फाळक्याकडे मोजू नका, तिथे माल ओढून ओढून ती झिजलेली असणार. कॅबकडच्या टोकाला मोजा.