अमेरिकी विद्यापीठांच्या अर्जात ‘इच्छित मेजर’ (पदवीचा मुख्य विषय) कोणता लिहावा: कॉम्प्युटर सायन्स की भाषाविज्ञान?

प्रश्न: पालक, एडिसन (न्यू जर्सी)

नमस्कार. माझी मुलगी येत्या सप्टेंबरात बारावीत जाईल आणि त्याच सुमारास कॉलेजांचे अर्ज भरू लागेल. गणित आणि प्रोग्रॅमिंग यांत तिला उत्तम गती आहे. एपी कॅल्क्युलस बीसी आणि एपी कॉम्प्युटर सायन्स हे शाळेतच शिकवले जाणारे दोन्ही कॉलेज-पातळीचे कोर्स तिने चांगल्या गुणांनी पूर्ण केले आहेत. त्याच वेळी भाषांच्या रचनेचा तिला मनापासून ध्यास आहे. शालेय विद्यार्थ्यांसाठी होणाऱ्या नॅक्लो या भाषाविज्ञान स्पर्धेत ती भाग घेते, आणि रत्नागिरीच्या आजीशी फोनवर बोलताना ऐकलेली क्रियापदांची रूपे टिपून तिने त्यांचा एक संग्रहही केला आहे.

आमच्या परिचयातील एका खासगी सल्लागारांचे म्हणणे असे, की कॉम्प्युटर सायन्ससाठी अर्जांची गर्दी इतकी असते, की मुलीने अर्जात ‘क्लासिक्स’ म्हणजे ग्रीक-लॅटिनचा अभ्यास असा विषय लिहावा, प्रवेश पदरात पाडून घ्यावा आणि दुसऱ्या वर्षी मेजर बदलावा. मंडळातील इतर पालक नेमके उलट सांगतात: शेवटी सीएसच (कॉम्प्युटर सायन्स) करायचे असेल, तर सर्वत्र सीएसच लिहावे. आमच्या यादीत सध्या रटगर्स, इलिनॉय (अर्बाना-शँपेन), कार्नेगी मेलन, कॉर्नेल, सिअ‍ॅटलचे युनिव्हर्सिटी ऑफ वॉशिंग्टन आणि एमआयटी ही नावे आहेत. अर्जात लिहिलेल्या विषयाचा प्रवेशावर खरोखर किती परिणाम होतो, आणि नंतर तो बदलता येतो का, हे अनुभवी मंडळींनी कृपया सविस्तर सांगावे.

उत्तर: हायस्कूल काउन्सेलर, शिकागो परिसर

आपल्या प्रश्नाला एकच उत्तर नाही, कारण आपल्या यादीतील सहा विद्यापीठे प्रवेशाचा निर्णय किमान तीन वेगवेगळ्या पद्धतींनी घेतात. विषयाच्या निवडीआधी प्रत्येक ठिकाणची पद्धत समजून घ्यावी लागते, आणि माझ्या मते सल्लागारांच्या सूचनेत नेमकी हीच पायरी गाळली गेली आहे.

एमआयटीपासून सुरुवात करतो. तेथे प्रवेश संस्थेत मिळतो, विभागात नव्हे. पहिल्या वर्षी कोणालाच मेजर नसतो आणि वर्षअखेरीस विद्यार्थी आपला विषय निवडतो. अर्जात आवडीच्या विषयाबद्दल एक छोटा प्रश्न असतो खरा, पण त्या उत्तराने कोणी बांधले जात नाही. हार्वर्ड, येल आणि स्टॅनफर्ड येथेही विषयाची औपचारिक निवड दुसऱ्या वर्षात होते. अशा ठिकाणी ‘कमी गर्दीचा’ विषय शोधण्यात हशील नाही. तेथील वाचक संपूर्ण अर्ज वाचतात, आणि ज्या विद्यार्थिनीने लॅटिनचा एकही तास केलेला नाही, जिच्या शिक्षकांनी शिफारसपत्रात गणिताचे कौतुक केले आहे आणि जिचे सर्व उपक्रम संगणकाशी संबंधित आहेत, तिने क्लासिक्स लिहिले तर ती विसंगती पहिल्याच वाचनात लक्षात येते. अर्जाला त्याने लाभ होत नाही. उलट बाकीच्या मजकुरावरील वाचकाचा विश्वास कमी होतो.

दुसऱ्या पद्धतीत विद्यापीठातील एखाद्या विशिष्ट कॉलेजसाठी अर्ज करावा लागतो. कॉर्नेलमध्ये एकाच अंडरग्रॅज्युएट कॉलेजची निवड करावी लागते आणि निबंधही त्या कॉलेजलाच उद्देशून लिहावा लागतो. मात्र तेथे सीएस हा मेजर इंजिनिअरिंग कॉलेजातून घेता येतो तसाच आर्ट्स अँड सायन्सेस कॉलेजातूनही घेता येतो, आणि भाषाविज्ञान विभागही याच दुसऱ्या कॉलेजात आहे. याचा अर्थ असा, की आपल्या मुलीने आर्ट्स अँड सायन्सेससाठी अर्ज केला, तर दोन्ही विषय तिच्या आवाक्यात राहतील. सुरुवातीच्या ठरावीक कोर्समध्ये अपेक्षित ग्रेड मिळवल्यावर सीएस विभागात रीतसर दाखल होता येते. रटगर्सची रचनाही तिच्यासाठी सोयीची आहे. न्यू ब्रन्सविक येथे सीएस आणि भाषाविज्ञान हे दोन्ही विभाग स्कूल ऑफ आर्ट्स अँड सायन्सेसमध्ये आहेत. इंजिनिअरिंग स्कूलमध्ये असतो तो इलेक्ट्रिकल अँड कॉम्प्युटर इंजिनिअरिंग हा निराळा मेजर. शिवाय आपण न्यू जर्सीचे रहिवासी असल्याने इन-स्टेट फीचा, म्हणजे राज्यातील रहिवाशांसाठीच्या कमी फीचा, लाभ मिळेल. यादीतील इतर नावांच्या झगमगाटात रटगर्सकडे केवळ राखीव पर्याय म्हणून पाहू नये, अशी माझी आग्रहाची विनंती आहे.

कार्नेगी मेलनमध्ये मात्र ही सोय नाही. तेथील स्कूल ऑफ कॉम्प्युटर सायन्समध्ये प्रवेश अत्यंत मर्यादित असतो, भाषाविज्ञान हे मानव्यविद्या व सामाजिक शास्त्रांच्या डिट्रिक कॉलेजात येते, आणि नंतर डिट्रिकमधून सीएसमध्ये जाणे अवघड आहे. अर्ज करताना एकाहून अधिक कॉलेजांची निवड करता येते, तेव्हा दोन्हीकडे अर्ज करावा. पण फक्त डिट्रिकमध्ये प्रवेश मिळाला, तर तेथील अभ्यासक्रमात आपली मुलगी चार वर्षे रमेल का, याचा विचार आधीच झालेला असावा.

आता तिसरी पद्धत, जिच्याबाबत सर्वाधिक गैरसमज आहेत. इलिनॉय आणि वॉशिंग्टन या सार्वजनिक विद्यापीठांत सीएससाठी प्रवेश थेट त्या मेजरमध्येच दिला जातो. इलिनॉयचा एकूण स्वीकृती दर आणि सीएसचा स्वीकृती दर यांत कित्येक पटींचा फरक आहे. सीएसचा दर अलीकडच्या वर्षांत एक आकडी राहिलेला आहे. एवढ्या कडक चाळणीनंतर विद्यापीठ दुसऱ्या मेजरमधून सीएसमध्ये येण्याची वाट मोकळी ठेवील, ही अपेक्षाच रास्त नाही, आणि प्रत्यक्षात ती वाट जवळजवळ बंद आहे. कॅलिफोर्नियातील बर्कले विद्यापीठाचे उदाहरण बोलके आहे. तेथे पूर्वी लेटर्स अँड सायन्स कॉलेजात प्रवेश घेतलेल्या कोणालाही सीएसचे तीन ठरावीक कोर्स ४ पैकी ३.३ ग्रेड सरासरीने पूर्ण करून तो मेजर घोषित करता येत असे. गर्दी वाढत गेली आणि २०२३ मध्ये प्रवेश घेणाऱ्यांपासून विषय अर्जातच सांगण्याची पद्धत सुरू झाली. ‘आत शिरा, मग बदला’ हा सल्ला कधीकाळी काही ठिकाणी उपयोगी होता, तो या बदलांच्या आधी. टेक्ससमध्येही असेच आहे: ऑस्टिनच्या विद्यापीठात शाळेतील वरच्या क्रमांकांच्या विद्यार्थ्यांना कायद्याने आपोआप प्रवेश मिळतो, पण तो विद्यापीठात मिळतो, हव्या त्या मेजरची हमी त्यात नसते.

म्हणून प्रत्येक विद्यापीठासाठी मुलीला एकच प्रश्न विचारावा: अर्जात लिहिलेला विषय पुढे कधीच बदलता आला नाही, तरी तू येथे आनंदाने शिकशील का? उत्तर नकारार्थी असेल, तर तो विषय तेथे लिहू नये.

उत्तर: पालक, बेलव्ह्यू (वॉशिंग्टन)

वरील विवेचनाशी मी पूर्ण सहमत आहे. युनिव्हर्सिटी ऑफ वॉशिंग्टनच्या सीएस विभागाला, म्हणजे ॲलन स्कूलला, राज्यातील रहिवाशांना प्राधान्य द्यावे लागते, त्यामुळे न्यू जर्सीहून अर्ज करणाऱ्या विद्यार्थ्याची वाट आणखी अरुंद होते. विद्यापीठात प्रवेश मिळाला पण सीएस मिळाले नाही, अशी पत्रे आमच्या परिसरातील अनेक घरांत येतात, आणि ‘तेथे गेल्यावर पाहू’ या आशेवर राज्याबाहेरील विद्यार्थ्याने मोठी फी भरणे मला मुळीच शहाणपणाचे वाटत नाही. येथील भाषाविज्ञान विभाग मात्र चांगला आहे आणि संगणकीय भाषाविज्ञानाचा त्यांचा मास्टर्स अभ्यासक्रमही आहे. केवळ भाषाविज्ञान शिकून समाधान मिळणार असेल, तर हे नाव यादीत जरूर ठेवावे.

पुन्हा प्रश्नकर्ते पालक, एडिसन

आपणा दोघांचे मनःपूर्वक आभार. काल रात्री आम्ही मुलीला वरील प्रश्न विचारला. तिचे म्हणणे असे, की निव्वळ भाषाविज्ञान चालेल, निव्वळ सीएसही चालेल, पण दोन्ही एकत्र मिळाले तर तिला सर्वाधिक आवडेल. क्लासिक्सचा तिने कधीच विचार केला नव्हता आणि तसे लिहिण्याची तिची तयारीही नाही. इलिनॉयमध्ये सीएस आणि भाषाविज्ञान असा संयुक्त मेजर असल्याचे तिनेच दाखवले. तो मेजर खऱ्या अर्थाने संयुक्त आहे, की सीएसमध्ये शिरण्याची ती आडवाट समजली जाते? वाचकांना मुलीच्या हेतूबद्दल शंका येणार नाही ना?

उत्तर: विद्यार्थिनी, इलिनॉय (सीएस + लिंग्विस्टिक्स)

काकू, मी सध्या हाच मेजर करते आहे, म्हणून थोडे तपशिलात लिहिते.

सीएसला दुसऱ्या विषयाची जोड देणारे हे अभ्यासक्रम येथे बऱ्याच वर्षांपासून चालू आहेत. भाषाविज्ञान, मानववंशशास्त्र, खगोलशास्त्र आणि रसायनशास्त्र हे त्यातले अगदी सुरुवातीचे विषय. आमचा मेजर लिबरल आर्ट्स अँड सायन्सेस कॉलेजात येतो, त्यामुळे त्या कॉलेजची परकीय भाषेची अटही आम्हाला लागू होते. एका बाजूला डेटा स्ट्रक्चर्स आणि अल्गोरिदम हे सीएसच्या विद्यार्थ्यांबरोबरचेच कोर्स असतात, तर दुसऱ्या बाजूला ध्वनिविचार, वाक्यविचार आणि अर्थविचार यांचा पूर्ण अभ्यास असतो. ही आडवाट मानून आलेल्या विद्यार्थ्यांना वाक्यविचाराच्या कोर्समध्ये फार कंटाळा येतो, आणि येथून निव्वळ सीएसमध्ये जाण्याची परवानगी सहज मिळेल असे त्यांनी गृहीत धरले असेल, तर त्यांची निराशाच होते. ज्यांना खरोखर दोन्ही आवडतात, त्यांच्यासाठी मात्र याहून चांगला अभ्यासक्रम मला ठाऊक नाही.

हेतूबद्दलची शंका दूर करण्याचे साधन आपल्या मुलीकडे आधीच आहे. येथील अर्जात निवडलेल्या मेजरशी संबंधित एखादा अनुभव सुमारे दीडशे शब्दांत सांगायचा असतो. तिने तेथे ‘मला भाषा आणि संगणक दोन्ही आवडतात’ असे सर्वसाधारण विधान करण्याऐवजी आजीच्या क्रियापदांचा संग्रह मांडावा. प्रमाण मराठीतले साधे उदाहरण पाहा: ‘त्याने आंबा खाल्ला’ यात कर्त्याला ‘ने’ लागतो आणि क्रियापद आंब्याप्रमाणे चालते, ‘मी आंबा खाल्ला’ यात ‘ने’ लागत नाही, तरी क्रियापद आंब्यालाच धरून राहते, आणि ‘तू आंबा खाल्लास’ यात तर क्रियापद आंब्याचे लिंग-वचन सांभाळून शेवटच्या ‘स’ने ‘तू’चीही दखल घेते. संगणकाला हे नियम शिकवायचे तर कोणत्या क्रमाने शिकवावेत, आणि आजीच्या बोलीत त्यातले काय बदलते, हे तिने स्वतः पडताळून लिहिले, तर वाचकाला हेतू निराळा सिद्ध करून दाखवावा लागणार नाही. शक्य असल्यास या उन्हाळ्यात तिने त्या रूपांसाठी एक छोटा प्रोग्रॅम लिहावा. त्यामुळे अर्जाला वजन येईलच, पण त्याहून महत्त्वाचे म्हणजे चार वर्षे हेच काम करायला आवडेल का, हे तिचे तिलाच समजेल.

कार्नेगी मेलनच्या निबंधातही हाच धागा उपयोगी पडेल, कारण तेथील लँग्वेज टेक्नॉलॉजीज इन्स्टिट्यूट ही सीएस स्कूलचाच भाग आहे.

उपप्रश्न: पालक, पुणे

चर्चा फार उद्बोधक आहे. आमचा मुलगा पुण्यातून अमेरिकेसाठी अर्ज करणार आहे आणि त्याचा ओढा अर्थशास्त्राकडे आहे. नातेवाईक म्हणतात, की एफ-१ या विद्यार्थी व्हिसावर असताना नोकरीचा काळ वाढवून मिळण्यासाठी ‘स्टेम’ (विज्ञान, तंत्रज्ञान, अभियांत्रिकी, गणित) विषयच हवा, म्हणून त्याने सीएस लिहावे. यात तथ्य किती?

उत्तर: हायस्कूल काउन्सेलर, शिकागो परिसर

नियमापुरते तथ्य आहे, निष्कर्षात नाही. एफ-१ विद्यार्थ्याला पदवीनंतर ओपीटी या कामाच्या तात्पुरत्या परवानगीखाली १२ महिने काम करता येते आणि पदवी स्टेम यादीतील असेल, तर आणखी २४ महिन्यांच्या मुदतवाढीसाठी अर्ज करता येतो. हा फरक मोठा आहे आणि परदेशातून येणाऱ्या कुटुंबाने तो जरूर विचारात घ्यावा. मात्र पदवी स्टेममध्ये मोडते की नाही, हे विषयाच्या बोलीभाषेतील नावावरून ठरत नाही. विद्यापीठाने त्या अभ्यासक्रमाला दिलेल्या सीआयपी कोडवरून, म्हणजे अभ्यासक्रमांच्या सरकारी वर्गीकरणातील क्रमांकावरून, ठरते, आणि तो कोड व्हिसासाठी विद्यापीठ देते त्या विद्यार्थ्याच्या आय-२० दाखल्यावर छापलेला असतो. सामान्य अर्थशास्त्राचा कोड ४५.०६०१ हा स्टेम यादीत नाही, परंतु इकॉनोमेट्रिक्स व संख्यात्मक अर्थशास्त्राचा कोड ४५.०६०३ त्या यादीत आहे, आणि अनेक विद्यापीठांनी आपल्या अर्थशास्त्राच्या पदवीला हा दुसरा कोड दिलेला आहे. एकाच विद्यापीठात अर्थशास्त्राच्या दोन पदव्यांना दोन वेगळे कोडही असू शकतात.

तेव्हा सीएसची ओढ नसलेल्या मुलाने व्हिसासाठी सीएस लिहून सर्वांत कठीण रांगेत उभे राहण्याचे कारण नाही. संख्याशास्त्र आणि गणित यांची बैठक भक्कम करून त्याने अर्थशास्त्रासाठीच अर्ज करावा. यादीतील प्रत्येक विद्यापीठाच्या आंतरराष्ट्रीय विद्यार्थी कार्यालयाला त्या अभ्यासक्रमाचा सीआयपी कोड ई-मेलने विचारावा आणि त्यांचे लेखी उत्तर अर्जाची मुदत संपण्यापूर्वी हाती असेल असे पाहावे.