गेटवेवरच्या बोटी हलवाव्यात का?

फोर्टातला_भटक्या (धागाकर्ता)

रेडिओ क्लबजवळ नवी प्रवासी जेट्टी होऊ घातली आहे. कुलाब्यातले काही रहिवासी विरोधात कोर्टात गेले होते. २०२५ च्या जुलैत उच्च न्यायालयाने अटी घालून परवानगी दिली आणि सर्वोच्च न्यायालयानेही काम थांबवलं नाही. जेट्टी हवी की नको यावर भरपूर भांडून झालंय, ते पुन्हा नको. माझा मुद्दा पुढचा आहे. जेट्टी झाली की गेटवेच्या पायऱ्यांवरून सुटणारी एकूणएक बोट तिकडे न्यावी आणि कमानीसमोरची जागा निव्वळ चौक म्हणून ठेवावी.

थोडा इतिहास सांगतो, कारण तो नीट बघितला तर हा चौक कुणी ठरवून केलाच नाही हे कळतं. २ डिसेंबर १९११ ला पंचम जॉर्ज आणि राणी मेरी अपोलो बंदरावर उतरले तेव्हा तिथे कमान नव्हती, तात्पुरती सजावट होती. गव्हर्नर सिडनहॅम यांनी ३१ मार्च १९१३ ला कोनशिला बसवली. जॉर्ज विटेटचा आराखडा मंजूर व्हायला १९१४ उजाडलं. मग समुद्रात भराव टाकण्यात १९१९ पर्यंतचा काळ गेला. पाया १९२० ला, आणि व्हाइसरॉय लॉर्ड रीडिंग यांच्या हस्ते उद्घाटन ४ डिसेंबर १९२४ ला. म्हणजे ज्यांच्या स्वागताची कमान, ते येऊन गेल्याला तेरा वर्षं झाली होती. खर्च २१ लाखांच्या घरात. कमानीपर्यंत सरळ येणारा रुंद रस्ता आखला होता, तो पैशाअभावी झालाच नाही. म्हणून आजही रीगल सिनेमाकडून चालत आलात की कमान समोर येत नाही, तिरकी येते. शिवाजी महाराजांच्या पुतळ्यापाशी उभं राहून बघा: रस्ता एकीकडे, कमान भलतीकडे बघतेय.

आजूबाजूच्या इमारतीही एकमेकींशी बोलून उभ्या राहिलेल्या नाहीत. ताज १६ डिसेंबर १९०३ ला सुरू झालं, कमानीच्या कितीतरी आधी, आणि त्याचं मूळ प्रवेशद्वार शहराच्या बाजूला होतं. यॉट क्लबने समुद्राची बाजू अडवलेली, आणि तिथे हिंदी, म्हणजे भारतीय, माणसाला सभासद होता येत नव्हतं. लोकांसाठी म्हणून या काठावर कुणी काहीच बांधलं नाही. तरी लोक आले, बसले, आणि शहराला पूर्वेच्या बाजूला समुद्र भेटण्याची एक जागा झाली.

आज तिथे काय आहे? अंगझडतीची रांग, बॅरिकेड, त्याच्या आत तिकीटवाल्यांचा 'एलिफंटा, एलिफंटा' असा पुकारा. कठड्याला टेकून दहा मिनिटं पाणी बघायचं म्हटलं तर बोटीच्या रांगेतला माणूस विचारतो, "तुम्ही लाइनीत आहात का?"

मांडवेकर

आम्ही लाइनीत आहोत, आणि वर्षानुवर्षं आहोत.

साहेब, तुम्ही ज्याला चौक म्हणता तो आमचा एसटी स्टँड आहे. मांडव्याची बोट, पुढे त्याच तिकिटावर अलिबागची बस. सकाळी येऊन कोर्टाचं, बँकेचं, टाटा हॉस्पिटलचं काम उरकून संध्याकाळी घरी. अलिबागच्या रस्त्यावर वडखळच्या ट्रॅफिकमध्ये एकदा तीन तास काढा, मग चौकाच्या सौंदर्यावर बोलू. भाऊच्या धक्क्यावरून २०२० पासून गाड्याही नेणारी रो-रो बोट आहे, ती चांगलीच आहे. पण फोर्टात काम असलेल्या माणसाला माझगावला उतरवून काय उपयोग?

आणि ते 'निव्वळ चौक' म्हणजे कुणासाठी? ज्यांच्या खिडकीतून तो दिसतो त्यांच्यासाठी?

पालवा_बंदर

इतिहासाचा धागा आहे म्हणून लिहितो. भटक्यांनी गोष्ट १९११ पासून सुरू केली, तिथेच सगळी गोम आहे. कमान शंभरीची, बंदर तिच्याहून जुनं. राजाराणी तरी तिथेच का उतरले? कारण माणसं तिथेच उतरत होती. गव्हर्नर, व्हाइसरॉय येत-जात ते अपोलो बंदरावरून. कमान बंदरासाठी बांधली, कमानीसाठी बंदर नाही. दाराला दार म्हणून ठेवायचं आणि येणंजाणं मात्र बंद करायचं, हा कुठला वारसा?

ताजचं तोंड शहराकडे होतं हे बरोबर. मात्र त्यावरून जी लोणकढी सांगतात, की इमारत चुकून उलटी बांधली आणि वास्तुविशारदाने जीव दिला, ती इथे कुणी टाकण्याआधीच निकालात काढतो. मूळ आराखड्यावर सीताराम खंडेराव वैद्य आणि डी. एन. मिर्झा यांनी काम केलं, वैद्य काम पुरं होण्याआधीच वारले, पुढे डब्ल्यू. ए. चेंबर्सनी तडीस नेलं. समुद्राची बाजू खोल्यांना ठेवली होती, एवढंच. आपला एक मराठी माणूस त्या इमारतीत आहे आणि आपण त्याच्याबद्दल सांगतो काय, तर आत्महत्येची थाप!

चुन्याची_गिरणी

पालवांशी सहमत. फक्त एक अवांतर: आधी कमान नीट करा. २०२३ मध्ये संसदेत सांगितलं होतं की पृष्ठभागावर भेगा आणि काही ठिकाणी झाडं उगवलेली दिसली. पिवळसर बेसाल्ट, काँक्रीटचा घुमट, ग्वाल्हेरहून आणलेल्या जाळ्या, हे सगळं खाऱ्या वाऱ्यात उभं आहे. बोटी हलवल्याने भेगा बुजत नाहीत.

राष्ट्रप्रथम

मुळात ही कमान आपण का सांभाळतोय हेच कळत नाही. परक्या राजाच्या पायधुळीचं स्मारक. पाडा किंवा नाव बदला, मग बोटी कुठून सुटतात ते बघू.

पालवा_बंदर

ती कमान आपण केव्हाच ताब्यात घेतली आहे. २८ फेब्रुवारी १९४८ ला शेवटची ब्रिटिश पलटण, सॉमरसेट लाइट इन्फंट्री, याच कमानीखालून बोटीत चढली. ज्या दारातून मिरवत आले त्याच दारातून गेले. हे दार पाडून तो पुरावा घालवायचा का? पंचम जॉर्जचा पुतळा गेला आणि २६ जानेवारी १९६१ ला त्या जागी महाराजांचा अश्वारूढ पुतळा आला. ज्या यॉट क्लबात हिंदी माणसाला मज्जाव होता, त्याच जुन्या इमारतीत १९४९ मध्ये होमी भाभांची टीआयएफआर ही विज्ञान संशोधन संस्था आली, आणि पुढे ती अणुऊर्जा खात्याकडे गेली. पाडापाडी न करता जागा कशी आपलीशी करतात याचं याहून चोख उदाहरण दाखवा.

फोर्टातला_भटक्या (धागाकर्ता)

राष्ट्रप्रथम, तो विषय वेगळ्या धाग्यात.

पालवा, तुमचीच उदाहरणं माझ्या बाजूची आहेत. पुतळा, क्लबाचं खातं होणं, पलटणीचं जाणं, या सगळ्यात ती जागा शहराची होत गेली. त्यातला सगळ्यात मोठा प्रसंग तुम्ही सोडलात. फेब्रुवारी १९४६, नौसैनिकांचा उठाव. 'तलवार' या नौदलाच्या तळावर १८ तारखेला सुरुवात झाली, बघता बघता बंदरातली जहाजं सामील झाली, आणि इंग्रजांनी त्यांची रसद तोडली. तेव्हा मुंबईकर गेटवेवर खाणं घेऊन आले. फळं, दूध, पाव, हाताला येईल ते. तिथून बोटींनी ते जहाजांवर गेलं. काँग्रेस आणि लीग दोघांचेही पुढारी शस्त्रं खाली ठेवा म्हणत होते, आणि सामान्य माणूस टोपली घेऊन काठावर उभा होता. माझ्या लेखी त्या दिवशी तो चौक झाला.

मांडवेकर, तुमच्या खिडकीच्या टोल्याबद्दल: मी राहतो डोंबिवलीत. माझ्या खिडकीतून शेजाऱ्यांची पाण्याची टाकी दिसते.

मांडवेकर

तुम्हीच लिहिलंत, "तिथून बोटींनी ते जहाजांवर गेलं." बोटी नसत्या तर टोपल्या घेऊन परत घरी गेले असते लोक!

कुलाबा_पाचवी_गल्ली

मी तिथली रहिवासी आहे, त्यामुळे मला शिव्या पडणार हे धरूनच लिहिते.

आमच्या खिडक्यांवरून टोमणे मारणाऱ्यांनी एकदा गर्दीच्या रविवारी पायऱ्यांवर येऊन उभं राहावं. धक्क्याला एक बोट, तिला लागून दुसरी, तिला लागून तिसरी. मागच्या बोटीत बसायचं तर आधीच्या दोन ओलांडून जायचं. ओहोटीला खालच्या पायऱ्या उघड्या पडतात, शेवाळाने हिरव्यागार. खलाशी मनगट नाही धरत, कोपराच्या वर दंड धरतो आणि लाट वर आली की ओढतो. साडी नेसलेल्या आजी, कडेवर मूल घेतलेली आई, सगळ्यांना असंच. ते पोरगे फार सांभाळून करतात, त्यांच्याबद्दल तक्रार नाही. पण देशाच्या सगळ्यात प्रसिद्ध धक्क्यावर प्रवासी चढवायची ही पद्धत? १८ डिसेंबर २०२४ ला एलिफंटाला निघालेल्या बोटीवर नौदलाची स्पीडबोट आदळली, माणसं गेली. त्यानंतर लाइफ जॅकेटची सक्ती आली. पायऱ्या त्याच राहिल्या.

म्हणून बोटी हलवा, याला माझा पाठिंबा. पण हलवून आमच्या दारात आणा, याला नाही. आहे त्या एका अरुंद रस्त्यावर टॅक्स्या, टुरिस्ट बस आणि गाड्या कशा मावणार, हे कोर्टातही विचारून झालं आणि इथेही विचारते.

मांडवेकर

ताई, पायऱ्यांचं अगदी खरं आहे. माझी आई त्याच कारणाने बोटीने यायची बंद झाली. पण मग नवीन जेट्टीला विरोध का? इथे नको, तिथे नको, मग आम्ही पोहत यायचं का?

पणजीकार

गोंयचो एक आवाज. आमच्याकडे मांडवीच्या काठावर आदिलशहाचा वाडा आहे. १७५९ पासून पोर्तुगीज व्हाइसरॉय तिथे राहायला आले, नंतर सचिवालय झालं, मुक्तीनंतर विधानसभाही तिथेच भरायची. कामासाठी आलेल्या माणसांची वर्दळ, बाजूला आबे फारियाचा तो संमोहन करतानाचा पुतळा (रामचंद्र पांडुरंग कामत, १९४५), समोर नदी. २००० मध्ये विधानसभा पर्वरीला गेली. इमारत सुंदर ठेवलीय, दिवे सोडलेत. पण आता तिथे थांबायचं कारण काय, तर फोटो आणि कॅसिनोची बोट. काम गेलं की जागा देखणी होते आणि परकी होते. बोटी हलवताना एवढं बघा.

रात्रपाळी

पणजीकारांनी अर्धं सांगितलं, उरलेलं मी सांगतो. भटक्या, तुमचा नकाशा डोळ्यांपुढे आणा. ससून डॉकपासून उत्तरेकडे निघा. गोदी, नौदल, बॅलार्ड पिअर, इंदिरा डॉक, प्रिन्सेस डॉक, माझगाव डॉक, थेट शिवडीपर्यंत भिंत. पोर्ट ट्रस्ट १८७३ ला झाला, आणि तेव्हापासून मुंबईची पूर्वेची किनारपट्टी मुंबईकराने भिंतीवरच्या क्रेनकडे बघून ओळखायची. पाण्याला हात लागेल अशा जागा दोनच उरल्या: गेटवे आणि भाऊचा धक्का. दोन्ही ठिकाणी बोट लागते म्हणूनच तिथे भिंत नाही.

आता गेटवेवरून बोट काढा. उरेल एक 'संवेदनशील परिसर'. २००३ चा बॉम्बस्फोट, २००८ चा हल्ला, दोन्ही त्याच आवारातले, त्यामुळे पोलिसांना दोष देत नाही. पण जानेवारी २०२० आठवा. जेएनयूतल्या मारहाणीच्या निषेधात पोरं रात्रभर गेटवेवर बसली, दुसऱ्या रात्रीनंतर सकाळी त्यांना उचलून आझाद मैदानात नेलं. कारण काय दिलं? रहदारीला आणि पर्यटकांना अडथळा. ज्या चौकात माणसांनी बसणं हाच अडथळा, तिथे 'निव्वळ चौक' किती दिवस उघडा ठेवतील? आज रोज शेकडो लोकांना बोट पकडायची असते म्हणून फाटक उघडावं लागतं. उद्या कुणाचा तरी सरकारी सोहळा, परवा कुणाचा तरी मोठा पाहुणा, तेरवा रोषणाईचा कार्यक्रम. बंद करायला निमित्त लागत नाही, उघडायला लागतं.

फोर्टातला_भटक्या (धागाकर्ता)

रात्रपाळी, या धाग्यातला हा सगळ्यात वजनदार प्रतिसाद. तरी मला पटत नाही, आणि का ते सांगतो. तुमच्या हिशोबाने नागरिकाला समुद्रापर्यंत जायचा हक्क फक्त प्रवासी म्हणून आहे. बोटीचं तिकीट म्हणजे गेटपास. हे आपण मान्य केलं की मरिन ड्राइव्हवरही उद्या कुणी विचारेल, बसलात कशाला? मरिन ड्राइव्हवर एकही बोट लागत नाही, तरी ती कुणी बंद करू शकत नाही. कारण तिथे बसायची लोकांना सवय आहे. ती सवय गेटवेवर होऊच दिली नाही. बसायला धड बाक नाहीत, सावली नाही, थांबलात की फोटोवाला नाहीतर पोलीस.

एलिफंटाची बोट ठेवा हवी तर. ती फिरायला जाणाऱ्यांची, वेळेची घाई नसलेली, आणि सोमवारी लेणी बंद असतात त्यामुळे तेव्हा तीही नसते. मांडव्याची रोजची वाहतूक मात्र नव्या जेट्टीवर, जिथे चढायला तरंगता फलाट आणि डोक्यावर छप्पर असेल.

रात्रपाळी

मरिन ड्राइव्ह साडेतीन किलोमीटर आहे. तिला बंद करायला किती बॅरिकेड लागतील? गेटवेला एक ट्रकभर पुरतात. तुलना जमली नाही.

कुलाबा_पाचवी_गल्ली

म्हणजे फिरणाऱ्यांना कमान आणि रोजच्या माणसाला रेडिओ क्लब? भटक्या, हे तर तुम्ही आमच्याहून वरचढ निघालात.

मांडवेकर

ताई, आज पहिल्यांदाच आपलं जमलं :)

आमची मागणी साधी आहे, लिहून ठेवा. जेट्टी बांधा, पण तिथून चर्चगेट आणि सीएसएमटीला बेस्टची बस पहिल्या बोटीपासून शेवटच्या बोटीपर्यंत हवी. ती बस सुरू होईपर्यंत गेटवेवरची एकही बोट हलणार नाही. रांगेत आम्ही आहोतच, बसायला येणाऱ्यांनी कठडा घ्यावा, आमची हरकत नाही.